सोनं तोळ्यावर, दगड नजरेवर

वरूडच काय, वऱ्हाडातल्या कोणत्याही सराफ्यात जुना दागिना मोडीत न्या, पहिलं काम ठरलेलं असतं. खडे काढायचे, लाख-मेण काढायचं आणि उरेल ते काट्यावर ठेवायचं. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ झाली की पाटल्या-गोफ सराफ्यात येतात, तेव्हा हा हिशेब घरोघरी तोंडपाठ असतो. पैसे सोन्याचे मिळतात, दगडाचे मिळत नाहीत. दागिन्यापुरता हा नियम रास्तही आहे. पण १९६० ते १९८० या काळात स्वित्झर्लंडमध्ये अशी एक वस्तू तयार झाली, जिच्यासाठी हा नियम नेमका उलटा लावावा लागतो. अठरा कॅरेट सोन्याचं पातळ मनगटी घड्याळ आणि त्यात धातूच्या जागी खऱ्या दगडाची तबकडी. लाजवर्द, मॅलाकाइट, ऑनिक्स, पिरोजा, ओपल, टायगर आय. आज जगभरचे संग्राहक अशा घड्याळासाठी जी किंमत मोजतात, तिच्यात सोन्याचा वाटा बहुतेक वेळा लहानच असतो. खरी किंमत तीन गोष्टींची: मिलिमीटरभराच्या आतली दगडाची चकती, तिच्याखालचं पातळ यंत्र, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या दोहोंना कुणी हात न लावल्याची खात्री.

पातळ यंत्र आलं, म्हणून दगड बसला

समारंभाला घालायच्या घड्याळाचे नियम जुने आहेत. ते पातळ असावं, सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकावं, दोन काटे पुरेत, पट्टा चामड्याचा किंवा सोन्याच्या जाळीचा असावा. अशा घड्याळात दगड बसवायचा म्हणजे अडचण जाडीची. धातूची तबकडी पातळ पत्र्याची असली तरी चालतं. दगडाची चकती तेवढी पातळ केली तर ती हातातच तुटते, म्हणून तिला खालून पितळी आधार द्यावा लागतो. दगड आणि आधार मिळून जाडी वाढते आणि घड्याळ फुगतं.

ही अडचण सोडवली पियाजे या कंपनीने. जुरा डोंगरातल्या ला कोत-ओ-फे नावाच्या खेड्यात जॉर्ज-एदुआर पियाजे यांनी १८७४ मध्ये ती सुरू केली. बराच काळ ती इतर कंपन्यांना यंत्रं पुरवत होती. १९५७ मध्ये तिने ९पी हे हाताने चावी द्यायचं यंत्र आणलं. त्याची जाडी फक्त २ मिलिमीटर. १९६० मध्ये १२पी आलं. ते मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी घेणारं, तरीही जाडी अवघी २.३ मिलिमीटर. आपोआप चावी घेणाऱ्या यंत्रात एक फिरतं वजन लागतं. ते एरवी यंत्राच्या डोक्यावर बसतं आणि जाडी वाढवतं. १२पीमध्ये ते लहान करून यंत्राच्या पोटातच बसवलं होतं. खाली जागा वाचली, ती वर दगडाला मिळाली. १९६३ पासून पियाजेच्या दगडी तबकड्या बाजारात येऊ लागल्या. याच काळात कंपनीने आपली घड्याळं फक्त सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये घडवायचं ठरवलं होतं. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन यांचं पियाजे याच पठडीतलं: सोन्याची लंबगोल केस, जेडची हिरवी तबकडी, भोवती हिरे आणि पाचू. ते घड्याळ पुढे कंपनीनेच परत मिळवून आपल्या संग्रहात ठेवलं. चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या संग्रहातही पियाजेची घड्याळं होती.

पाठोपाठ इतरही आले. रोलेक्सचं डे-डेट १९५६ पासून फक्त सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये बनतं. १९७०च्या दशकात त्याच्यावर लाजवर्द, मॅलाकाइट, ऑनिक्स, टायगर आय दिसू लागले. हे घड्याळ पियाजेइतकं पातळ नाही, पण त्याची दगडी तबकडी करणं जास्त अवघड. तारखेची चौकोनी खिडकी आणि वाराची कमानदार खिडकी अशा दोन खिडक्या दगडातच कापाव्या लागतात. खिडकीचा कोपरा म्हणजे चीर जाण्याची हक्काची जागा. त्यामुळे दोन्ही खिडक्या शाबूत असलेली जुनी दगडी तबकडी दिसली की जाणकार थांबतो.

एक तबकडी कशी होते

आधी दगडाचा ठोकळा निवडतात. हिऱ्याची कणी लावलेल्या करवतीने त्याच्या चकत्या पाडतात. यातल्या बहुसंख्य बाद होतात: कुठे आतून चीर, कुठे डाग, कुठे नक्षी मध्यभागी येत नाही. टिकलेली चकती घासून पातळ करतात आणि पितळी चकतीवर चिकटवतात. मग मधोमध काट्यांसाठी भोक पाडायचं. सगळ्यात जास्त तुटतूट इथेच होते, कारण दगडातली दबलेली चीर भोकाच्या कडेशी आली की उघडी पडते. त्यानंतर चकाकी आणि शेवटी कंपनीचं नाव छापणं. तासांचे आकडे बसवायचे तर आणखी भोकं पाडावी लागतात. म्हणून जुन्या दगडी तबकड्यांवर बहुधा आकडेच नसतात. नुसता दगड, दोन काटे आणि एक नाव. ही साधेपणाची हौस होती, तशीच भोकं टाळण्याची सोयही होती.

यातून एक गोष्ट आपोआप घडते. मॅलाकाइटच्या एकाच ठोकळ्यातून निघालेल्या दोन चकत्याही सारख्या नसतात. कारखान्यात एकाच क्रमांकाखाली शंभर घड्याळं निघाली, तरी दगड पाहता ती शंभर वेगळी घड्याळं असतात. तुटलेली तबकडी बदलता येते, पण तीच तबकडी पुन्हा मिळत नाही.

दगड एकेक करून

मॅलाकाइट हा तांब्याचा क्षार. म्हणून तो हिरवा, आणि गडद-फिक्या वलयांचा. काँगोतल्या तांब्याच्या पट्ट्यातून तो भरपूर येतो. दिसायला भारदस्त, पण अंगाने नाजूक. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोजपट्टी १ ते १० अशी आहे. तिच्यावर मॅलाकाइट साडेतीन ते चारच्या घरात बसतो. आपल्याकडच्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. म्हणजे काच काढून तबकडी रुमालाने पुसली तरी चरे पडतील. आम्लाशीही त्याचं वैर आहे.

लाजवर्द निळा, त्यात सोनेरी ठिपके दिसतात ते पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे. पांढऱ्या रेघा कॅल्साइटच्या. कठीणपणा पाच-साडेपाच. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या सर-ए-संग खाणींतून तो हजारो वर्षं निघतो आहे. वऱ्हाडाला हा दगड परका नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा रंग लाजवर्द कुटून केलेला आहे. ती लेणी ज्या वाकाटक राजांच्या काळात रंगली, त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. बदख्शानचा निळा दगड घोड्या-उंटांवरून अजिंठ्यापर्यंत येत होता, तेव्हा जिनेव्हात घड्याळं नव्हती.

पिरोजा सच्छिद्र असतो. घाम, तेल, अत्तर तो शोषून घेतो आणि निळ्याचा हिरवट होत जातो. इराणातल्या निशापूरचा पिरोजा पूर्वापार नावाजलेला. ओपलच्या अंगात पाणी असतं, वजनाच्या काही टक्के. ते उडालं की पृष्ठभागावर जाळीदार चिरा पडतात. टायगर आय हा गारेचाच प्रकार. तंतुमय खनिजाची जागा गारेने घेतली म्हणून त्याच्यात सरकती चमक येते. घड्याळ हलवलं की सोनेरी पट्टा तबकडीवरून फिरतो. तो दक्षिण आफ्रिकेचा, कठीणपणा जवळपास ७, त्यामुळे सांभाळायला सोपा. पोवळं या यादीत नेहमी असतं, पण तो दगड नव्हेच. समुद्री जीवांनी बांधलेला तो चुना आहे, म्हणून मॅलाकाइटइतकाच मऊ.

उरला काळा ऑनिक्स, आणि त्याची गोष्ट थेट वरूडच्या जमिनीपर्यंत येते.

काळ्या जमिनीखालचा अकीक

सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख संत्र्याचा. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं दूरदूर जातात, आणि रेल्वेनेही इथल्या स्थानकाच्या नावाला ‘ऑरेंज सिटी’ जोडलं आहे. पाण्याचा उपसा एवढा की तालुका ड्रायझोन म्हणून ओळखला जातो. विहिरी खणून आणि बोअर मारून इथल्या शेतकऱ्याला खालच्या खडकाची ओळख झालेली आहे: माती, मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसत गेले. त्यातूनच गारगोट्या, अकीक, जास्पर आणि स्फटिकांचे झुबके तयार झाले. पावसाळ्यानंतर नांगरट झाली की काळ्या ढेकळांत दुधी, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे खडे दिसतात, ते हेच.

स्विस घड्याळातला काळाभोर ऑनिक्स बहुतेक वेळा असा पट्टेदार अकीकच असतो, फक्त रंगवलेला. निसर्गात एकसारखा काळा ऑनिक्स फार थोडा. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावच्या कारागिरांनी त्याची युक्ती पक्की केली. सच्छिद्र अकीक साखरेच्या पाकात दिवसेंदिवस मुरवायचा, मग गंधकाम्लात टाकायचा. आम्ल आत शिरलेल्या साखरेचा कोळसा करतं आणि दगड मुळापासून काळा होतो. या गावच्या खाणी आटल्यावर १८३०च्या दशकापासून तिथे ब्राझीलचा अकीक येऊ लागला. ब्राझीलचा तो अकीकही लाव्हाच्याच पोकळ्यांत तयार झालेला. तिथला पाराना लाव्हा दख्खनपेक्षा दुपटीने जुना, पण घडण तीच. म्हणजे ऑनिक्सची सोनेरी घड्याळं आणि वरूडच्या धुऱ्यावर पडलेले खडे एकाच जातकुळीचे.

रंगवणं ही इथे लबाडी मानत नाहीत, कारण तो रंग जात नाही आणि व्यापारात सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे खंभातचे कारागीरही रतनपूरचा अकीक भाजून लाल करत आले आहेत, आणि सिंधू संस्कृतीच्या काळातले असे लाल मणी इराकमधल्या उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. दख्खनच्या लाव्हातले हे दगड एकत्र पाहायचे तर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय गाठावं. घड्याळाच्या तबकडीवर नजर बसवायची असेल तर आधी मोठ्या दगडावर बसवावी, हा संग्राहकाला फुकट मिळणारा पहिला धडा.

इथे ही घड्याळं का नाहीत

१९६३ हे पियाजेच्या दगडी तबकडीचं वर्ष. त्याच वर्षी, जानेवारीत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची तंगी होती आणि लोकांची सोन्याची भूक कमी करायची होती. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही, असं ठरलं. देशभरच्या सोनारांचा धंदा बसला. अनेकांनी आत्महत्या केल्या. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला. तो रद्द करण्याची घोषणा झाली १९९०च्या अर्थसंकल्पात, आणि तो अर्थसंकल्प मांडणारे होते मधु दंडवते.

या २७ वर्षांत परदेशी घड्याळांची आयातही जवळपास बंदच होती. दगडी तबकडीचा सगळा बहराचा काळ नेमका या २७ वर्षांत बसतो. जिनेव्हात लाजवर्द कापला जात होता, तेव्हा वऱ्हाडात लग्नात जावयाला एचएमटी दिलं जात होतं. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ रोजच्या वापराचं. समारंभाची हौस ‘सोना’ने भागवायची, पातळ आणि सोन्याचं पाणी दिलेलं. त्याआधीच्या पिढीकडे मुंबईच्या वेस्ट एंड वॉच कंपनीची किंवा फाव्र-लुबाची घड्याळं असत. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तेव्हापासून इथे खिशातल्या घड्याळाला गिऱ्हाईक होतं. खऱ्या सोन्याची मनगटी घड्याळं भारतीय कारखान्यातून यायला टायटनच्या ‘नेब्युला’ची वाट पाहावी लागली.

त्यामुळे आज मराठी घरात खरं दगडी तबकडीचं सोन्याचं घड्याळ निघालं, तर ते बहुधा परदेशात राहिलेल्या नातलगाकडून आलेलं असतं. आखाती देशांत डे-डेट हे घड्याळ फार मानाचं. तिथले राज्यकर्ते आपल्या राजचिन्हाच्या तबकड्या खास करवून घेत आणि भेट देत. ओमानच्या खंजिराचं चिन्ह असलेली रोलेक्स आज लिलावांत वेगळा भाव खातात.

जगातही ही घड्याळं जेवढी बनली तेवढी उरली नाहीत. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चावीची घड्याळं जुनाट ठरली. त्यातच जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला. दहा वर्षांपूर्वी तो ३५ डॉलरच्या आसपास होता. बंद पडलेलं जुनं घड्याळ दुरुस्त करण्यापेक्षा आटवणं परवडू लागलं. केस मुशीत गेली, यंत्र आणि तबकडी भंगारात. दुर्मीळपणाचं एक मोठं कारण हेच आहे.

पारख

एक उदाहरण कागदावर मांडू. समजा केसचं वजन २० ग्रॅम आहे आणि सोनं १८ कॅरेट. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध. २० ग्रॅमात १५ ग्रॅम शुद्ध सोनं, आजच्या बाजारभाषेत दीड तोळा. सराफ त्यातून घट धरेल आणि एक आकडा सांगेल. हा आकडा लिहून ठेवावा, कारण तो घड्याळाच्या किमतीचा तळ आहे. त्याखाली कुणी विकू नये. पण तळ म्हणजे किंमत नव्हे. वरची सगळी रक्कम ठरते ती पुढच्या तपासावर.

पहिला तपास सोन्याचा. मागच्या झाकणाच्या आत आणि पट्ट्याच्या कानांवर सूक्ष्म ठसे असतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पर्यंत १८ कॅरेटला हेल्व्हेशिया या स्त्रीच्या मुखाचा ठसा होता आणि १४ कॅरेटला खारीचा. १ ऑगस्ट १९९५ पासून सगळ्या मौल्यवान धातूंना सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मुखाचा एकच ठसा आला. म्हणजे १९७०चं म्हणून दाखवलेल्या घड्याळावर कुत्र्याचा ठसा दिसला, तर एक तर घड्याळ तितकं जुनं नाही किंवा केस नंतरची आहे. मागचं झाकण स्टेनलेस स्टीलचं आहे असं कोरलेलं असेल, किंवा ‘२० मायक्रॉन’ अशी जाडी लिहिलेली असेल, तर ते सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ. आपल्या सरकारचा हॉलमार्क मात्र शोधू नये. १६ जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती सुरू झाली, तेव्हा सोन्याची घड्याळं आणि फाउंटन पेनं तीतून वगळली गेली.

सोनं तपासायचं तर कॅरेटोमीटरवर. क्ष-किरणांनी मोजणारं हे यंत्र वस्तूला धक्का लावत नाही. कसोटीच्या दगडावर ओढलेली एक रेघ दागिन्याला चालते. घड्याळाच्या कडेवर ती कायमची जखम असते. चकाकीही तितकीच वाईट. केस पॉलिश केली की कोपरे गोल होतात, ठसे पुसट होतात, आणि संग्राहक पहिल्यांदा कोपरेच पाहतो.

दुसरा तपास तबकडीचा, दहापट भिंगाखाली. मधलं भोक आणि खिडक्यांचे कोपरे आधी पाहायचे. चीर तिथून निघते. मग नक्षी. खऱ्या मॅलाकाइटची वलयं एकसारखी जाड नसतात. छापील किंवा राळेत घडवलेल्या नकलीत ती फार शिस्तीची वाटतात. पिरोजा म्हणून पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट खपवतात, लाजवर्द म्हणून सोडालाइट. चमचमत्या निळ्या-तपकिरी ॲव्हेंच्युरिन तबकड्या बहुतांशी काचेच्या असतात. ते फसवणं नव्हे, पण दगडाचा भाव देऊ नये. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा हे अक्षर दिसलं, तर काटे आणि खुणा सोन्याच्या आहेत, असं १९७०च्या दशकात काही मोठ्या कंपन्या त्यातून सांगत होत्या.

तिसरा तपास सगळ्यात अवघड: घड्याळ खरं, दगड खरा, पण दोघांची गाठ नंतर मारलेली. साध्या तबकडीचं सोन्याचं रोलेक्स घ्यायचं, कुठल्यातरी कारखान्यात कापलेली मॅलाकाइटची चकती बसवायची आणि वरचा भाव मागायचा, हा धंदा जगभर चालतो. आपल्याकडे त्याचा धाकटा भाऊ आहे. जुन्या फाव्र-लुबा आणि एचएमटी घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून चकाचक करून विकण्यात मुंबईचं नाव परदेशी संग्राहकांत बदनाम आहे. यावर उपाय एकच, छापलेल्या नावाची अक्षरं त्याच काळातल्या, लिलावगृहांच्या सूचीतल्या मोठ्या छायाचित्रांशी ताडून पाहणं. अक्षरांची उंची, अंतर, शाईची जाडी यांत नकलाकार चुकतो. दगडात तो क्वचितच चुकतो, कारण दगड खराच असतो.

चौथा तपास कागदांचा. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँटिकोरम लिलावात महात्मा गांधींचं झेनिथचं चांदीचं खिशातलं घड्याळ निघालं. सोबत चष्मा, चपला आणि वाटी-ताट. सगळं मिळून १८ लाख डॉलरला विजय मल्ल्या यांनी घेतलं. चांदीचा भाव पाहता त्या घड्याळात फार काही नव्हतं. भाव होता तो कुणाच्या हातून कुणाकडे गेलं याच्या पुराव्याला. आपल्या घरच्या घड्याळाला एवढं भाग्य नसेल, पण मूळ डबी, खरेदीची पावती, आजोबांचा तेच घड्याळ घातलेला फोटो, दुरुस्तीची चिठ्ठी हे सगळं जपावं. खिशातलं घड्याळ शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं तर १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात

ही घड्याळं जिनेव्हाच्या हवेसाठी केलेली. अकोला-अमरावतीचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. उभ्या मोटारीच्या कप्प्यात तर त्याहून किती तरी जास्त. दगड आणि पितळ उष्णतेने सारख्या प्रमाणात पसरत नाहीत. मधला डिंक मऊ पडतो आणि ताण दगडावर येतो. ओपल कोरडा पडतो. यंत्रातलं तेल लवकर सुकतं. म्हणून असं घड्याळ लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे सगळ्यात जास्त तापतं. आतल्या खोलीत, सुती कापडात, वेगळ्या डबीत ठेवावं. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी, ओपल असेल तर तीही नको. अत्तर लावून झाल्यावर घड्याळ चढवावं. जुन्या केसमध्ये पाणी शिरतं, त्यामुळे हात धुताना ते उतरवावं.

दुरुस्तीला देताना कारागिराला एक गोष्ट स्पष्ट सांगायची: तबकडी धुवायची नाही, कंपनांच्या यंत्रात टाकायची नाही, आणि काटे काढताना मधल्या भोकावर जोर द्यायचा नाही. तबकडीखालचे पितळी पाय दगडाच्या अगदी जवळ असतात; पाय वाकडा झाला म्हणून तो सरळ करायला गेलं की वर चीर जाते. पातळ यंत्रांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, त्यामुळे ९पी किंवा १२पी हाताळलेला माणूस मुंबई-पुण्यात शोधणंच बरं. खर्च घड्याळ घेतानाच हिशेबात धरावा.

पहिलं घड्याळ कोणतं

सुरुवात रोलेक्सने करू नये. त्याच्या दगडी तबकडीला नावाचा भाव पडतो आणि नकलांचा सुळसुळाटही तिथेच. १९७०च्या दशकात बोम-मर्सिए, ब्युश-जिरो, कोरम यांच्यासारख्या कंपन्यांनीही सोन्याच्या केसमध्ये दगड बसवले. काम चांगलं, भाव शांत. दगड निवडताना ऑनिक्स किंवा टायगर आय, कारण दोन्ही कठीण. मॅलाकाइट आणि ओपल दुसऱ्या फेरीला.

आणि चिरेला घाबरू नये. बिनचिरेच्या तबकडीसाठी संग्राहक दुप्पट मोजायला तयार असतात, म्हणूनच दुसरीकडची नवी तबकडी बसवण्याचा मोह विक्रेत्याला होतो. भोकापासून निघालेली केसभर चीर असलेली, पण कारखान्यातून आली तशीच राहिलेली तबकडी ही मध्यम ऐपतीच्या माणसाची खरी संधी आहे. तिचा भाव कमी असतो आणि तिच्या खरेपणाबद्दल शंकाही कमी असते. नकली तबकडी विकणारा मुद्दाम चीर पाडून आपला भाव सहसा उतरवत नाही. चीर किती लांब आहे ते मोजून, फोटो काढून, पावतीवर विक्रेत्याकडून लिहून घ्यावं. वर्षभराने पुन्हा मोजावी. लांबी तेवढीच असेल तर घड्याळ खुशाल घालावं.